वाचकांचे प्रश्न : स्वमग्न मूल, ‘मायेचं हार्मोन’ आणि डोक्यावरचं यंत्र

स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल, आलेल्या पत्रांत यंदा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. एक ऑक्सिटोसिनचा स्प्रे आणि दुसरी मेंदूला बाहेरून चालना देणारं मशीन. दोन्हींच्या मागे खरं संशोधन आहे, म्हणून ‘खोटं आहे’ एवढं सांगून भागत नाही. पत्रं थोडक्यात देत आहोत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे चार म्हशी आहेत. पान्हा न सोडणाऱ्या म्हशीला काही लोक जे इंजेक्शन टोचतात, तेच ‘मायेचं हार्मोन’ आहे आणि ते नाकात सोडलं की ऑटिझमचं मूल आईकडे पाहायला लागतं, असा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला. मुलगा पाच वर्षांचा आहे. ती बाटली इकडे सहज मिळते. किती थेंब द्यावे? — एक पशुपालक, ता. आर्वी, जि. वर्धा

एकही थेंब देऊ नका. बाटली घरात असेल तर मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि जमलं तर म्हशीलाही टोचणं बंद करा.

रेणू एकच आहे, हे व्हिडिओतलं खरं. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ती तयार होते आणि पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटते. वासरू ढुसण्या देतं किंवा तुम्ही कोमट पाण्याने कास धुता, तेव्हा म्हशीच्या शरीरात हेच घडतं. कासेतल्या दूधपेशींभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि मिनिटभरात पान्हा उतरतो. बाईच्या बाळंतपणात गर्भाशय आवळतं तेही याच रेणूमुळे. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये हा परिणाम पाहिला. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये हा रेणू प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आता बाटलीचं बघू. गोठ्यासाठी चोरून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर बहुतेक वेळा ना लेबल असतं ना ताकद लिहिलेली असते. आत किती युनिट आहेत, दुसरं काय मिसळलंय, ती निर्जंतुक आहे का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छपराखाली पडून राहिलेल्या बाटलीत नेमकं काय उरतं, याचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही.

समजा, दवाखान्यातलं खरं इंजेक्शन आणलं. तरी मात्रा जुळत नाही. माणसांवरच्या प्रयोगांत एका वेळी साधारण २४ युनिट नाकात देतात. त्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिलिटर द्रव असतो आणि त्यात ४ युनिट, म्हणजे एकेका नाकपुडीत तीन फवारे. इंजेक्शनच्या नेहमीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिलिटरला ५ युनिटच असतात. २४ युनिटसाठी जवळजवळ ५ मिलिलिटर पाणी लेकराच्या नाकात ओतावं लागेल. त्यातलं बहुतेक घशातून पोटात जाणार, आणि पोटात ही साखळी डाळीतल्या प्रथिनासारखी पचून जाते. रक्तात जे पोचेल ते काही मिनिटांत निम्मं होतं. रक्तातून मेंदूत शिरायला मेंदूभोवतीची गाळणी आडवी येते, ती या रेणूला फार थोडी वाट देते. उलट मात्रा जास्त झाली तर शरीरात पाणी साचतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि मुलाला झटके येऊ शकतात. कारण ऑक्सिटोसिनचा सख्खा भाऊ व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगतो, आणि मात्रा वाढली की ऑक्सिटोसिनही तेच काम करू लागतं.

राहिला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : नीट बनवलेल्या स्प्रेने तरी फायदा झाला का? अमेरिकेत ३ ते १७ वयाच्या २९० स्वमग्न मुलांवर याची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना ऑक्सिटोसिन, निम्म्यांना दिसायला तसाच पण औषध नसलेला स्प्रे. कोणाला काय मिळतंय हे आईवडिलांनाही माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. २४ आठवडे रोज स्प्रे, लक्ष्य दिवसाला ४८ युनिट. निकाल २०२१ मध्ये छापून आला. लोकांपासून दूर राहण्याचे गुण औषधाच्या गटात सरासरी ३.७ ने घटले आणि नुसत्या पाण्याच्या गटात ३.५ ने. हा फरक म्हणजे फरक नव्हेच.

हा दुसरा आकडा विसरू नका. पाणी मिळालेल्या मुलांच्या आईवडिलांनाही सुधारणा दिसली. सहा महिन्यांत मूल आपल्या गतीने वाढतंच, आणि आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना ते जास्त ठळक दिसतं. व्हिडिओतली आई खोटं बोलत नसेल. पण तिच्या मुलाला पाणी दिलं असतं तर काय झालं असतं, हे तिला कळायला मार्ग नाही. त्यासाठीच असा दुसरा गट लागतो.

आणि म्हशीबद्दल. दुधासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. वासरू समोर, ठरलेली वेळ, ठरलेला माणूस आणि धारेआधी कास नीट धुणं, एवढ्यावर बहुतेक जनावरं पान्हवतात.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. बाळंतपणात दिलेल्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनमुळे मूल ऑटिझमचं होतं, असं गावात पसरलंय. दोन गरोदर बायांनी ‘आम्हाला ते देऊ नका’ असं आतापासूनच सांगितलं. मी काय समजावू? — ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ताई, दोन वेगळ्या वेळा वेगळ्या करून सांगा, गोंधळ तिथेच मिटेल.

बाळ बाहेर आल्यावर लगेच आईच्या मांडीत १० युनिटचं जे इंजेक्शन देतात, ते रक्तस्राव थांबवण्यासाठी. तोवर बाळ जन्मलेलं असतं. ते बाळाच्या मेंदूपर्यंत जाईल कसं? हे इंजेक्शन नाकारलं तर धोका आईच्या जिवाला आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव गावापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेत बाईला संपवू शकतो. इथे ठामपणे बोला.

दुसरी वेळ म्हणजे कळा येत नाहीत किंवा मंदावल्या म्हणून सलाइनमधून थेंबथेंब देतात ती. कळा सुरू करून दिलेल्या बाळंतपणांत स्वमग्नता थोडी जास्त दिसते, असं काही जुन्या नोंदींत आढळलं होतं. पण ज्या आईला कळा आणाव्या लागतात तिचं वय, साखर, रक्तदाब हे आधीच वेगळं असतं. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या १३ लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाच आईची दोन मुलं एकमेकांशी ताडून पाहिली : एकाच्या वेळी कळा आणाव्या लागल्या, दुसऱ्याच्या वेळी नाही. तसं पाहिल्यावर संबंध उरला नाही.

तुमच्या हातात याहून मोठं काम आहे. बाळाच्या १२ आणि १५ महिन्यांच्या गृहभेटीत दोन मिनिटं काढा. मागून नाव घेऊन हाक मारा, वळतं का? बोट दाखवून ‘ते बघ’ म्हणा, बोटाकडे पाहतं की वस्तूकडे? हात हलवून टाटा करतं का? १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही किंवा आलेले शब्द गेले, तर ‘मोठं झालं की बोलेल’ यावर थांबू नका, पुढे पाठवा. आणि पहिली तपासणी कानाची करायला सांगा. ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावरच्या प्रयोगांमुळे ऑक्सिटोसिनचं नाव झालं असं वाचलं. प्राण्यात एवढा स्पष्ट परिणाम, मग माणसात का नाही? — ता. मंगरुळपीर, जि. वाशिम

वर्गात सांगण्यासारखीच गोष्ट आहे ही. प्रेअरी व्होल हे नरमादी जोडी करून राहतात, तर त्यांचेच भाऊबंद डोंगरी व्होल जोडी करत नाहीत. स्यू कार्टर, टॉम इन्सेल, लॅरी यंग आणि इतरांनी दाखवलं की दोघांत ऑक्सिटोसिन असतंच. फरक आहे तो ते ‘ऐकणाऱ्या’ ग्राहींच्या जागांचा. प्रेअरी व्होलच्या मेंदूत सुख-बक्षिसाच्या केंद्रात, न्यूक्लिअस अकम्बन्समध्ये, हे ग्राही दाट असतात. त्यामुळे जोडीदाराचा वास आणि सुखाची भावना एकत्र बांधली जाते. संदेश एकच असला तरी तो कुठे ऐकला जातो यावर वागणं ठरतं. स्प्रेच्या अपयशाचं एक कारण इथेच दिसतं. स्प्रे सगळीकडे थोडाथोडा सांडतो. मेंदू मात्र योग्य क्षणी, योग्य जागी सोडत असतो.

माणसांतली लाट २००५ मध्ये आली. ऑक्सिटोसिन हुंगलेले लोक पैशाच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकतात, असा प्रयोग गाजला. २०२० मध्ये तोच प्रयोग जास्त लोकांवर, आधी सगळे नियम जाहीर करून पुन्हा केला, तर तो परिणाम दिसला नाही. दरम्यान हेही दिसलं होतं की हे हार्मोन ‘आपल्या’ माणसांकडे ओढ वाढवतं तेव्हा परक्याकडे तसं झुकवतंच असं नाही. ‘मायेचं हार्मोन’ हे नाव म्हणूनच आम्हाला दिशाभूल करणारं वाटतं. समोरच्या माणसाकडे लक्ष वेधणारं, एवढं म्हटलं तर ते खऱ्याच्या जास्त जवळ जाईल.

गंमत म्हणजे २०२३ मध्ये जनुक-कात्रीने ऑक्सिटोसिनचा ग्राहीच काढून टाकलेले प्रेअरी व्होल तयार केले, आणि तेही जोडी करून राहिले. शरीर एवढ्या महत्त्वाच्या कामाचा भार एकाच दोरीवर टाकत नाही, असा त्याचा एक अर्थ.

व्हॅसोप्रेसिनबद्दल मुलांनी विचारलं तर : ऑक्सिटोसिनपेक्षा फक्त दोन अमिनो आम्लं वेगळी. २०१९ मध्ये ६ ते १२ वयाच्या ३० स्वमग्न मुलांवर चार आठवड्यांच्या छोट्या चाचणीत व्हॅसोप्रेसिनच्या स्प्रेने समाजात मिसळण्याचे गुण सुधारलेले दिसले. याउलट व्हॅसोप्रेसिनचा एक ग्राही बंद करणारं बालोव्हाप्टान हे औषध मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरलं. एकाने वाढवून फायदा शोधला, दुसऱ्याने अडवून. एकाच रेणूबद्दल उलट दिशेच्या दोन कल्पना एकाच वेळी तपासल्या जातात, तेव्हा त्या विषयाचा पाया अजून घातला जातोय असं समजावं. तीस मुलांचा निकाल ही पुढे तपासण्याची सूचना आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. ऑटिझम आहे आणि मिरगीची गोळी चालू आहे. शहरातल्या एका केंद्रात डोक्यावर चुंबकाचं मशीन लावून वीस बैठका देतात, साठ हजार सांगितले. त्या काळात मिरगीची गोळी बंद ठेवा म्हणाले. सोयाबीनचे पैसे आले की न्यायचा विचार आहे. न्यावं का? — एक आई, ता. पुसद, जि. यवतमाळ

आधी तातडीचं : गोळी बंद करू नका. मिरगीची गोळी अचानक सोडली की एकामागून एक, न थांबणारे झटके येऊ शकतात. त्यातच हे मशीन स्वतः झटक्याची शक्यता वाढवू शकतं. ज्या केंद्राने हे दोन्ही एकत्र सुचवलं, तिथे मुलाला नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मशीनबद्दल नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी सांगितलं तर तुम्हीच ताडून पाहू शकाल. याला टीएमएस म्हणतात. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये ते पहिल्यांदा दाखवलं. तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ प्रचंड प्रवाह सोडतात. त्याने दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उठतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या दोन-तीन सेंटिमीटर मेंदूत वीज जागवतं. डोकं उघडावं लागत नाही, भूल लागत नाही. सेकंदाला एक ठोका अशा संथ गतीने दिलं तर त्या भागाची उत्तेजना साधारण कमी होते, दहा किंवा जास्त ठोके दिले तर वाढते. थीटा बर्स्ट म्हणून आणखी एक पद्धत आहे : ५० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ५० या वेगाने, तीन-तीन ठोके, सेकंदाच्या दर पाचव्या हिश्श्याला. सलग ४० सेकंद दिले तर मेंदूचा तो भाग शांत होतो. दोन सेकंद देऊन आठ सेकंद थांबत, तीनेक मिनिटांत तेवढेच ६०० ठोके दिले तर जागा होतो.

नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने याला २००८ मध्ये मान्यता दिली, मंत्रचळासाठी (ओसीडी) २०१८ मध्ये. स्वमग्नतेसाठी दिलेली नाही.

स्वमग्नतेत ते वापरून पाहण्यामागचा विचार असा : मेंदूत ‘चालू’ म्हणणारे संदेश आणि ‘थांब’ म्हणणारे संदेश यांचा तोल काही मुलांत ‘चालू’कडे झुकलेला असावा. रुबेनस्टाइन आणि मर्झेनिक यांनी २००३ मध्ये हे मांडलं. मग कपाळामागच्या भागावर संथ ठोके देऊन तोल साधतो का, किंवा कानाच्या वर-मागे, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेणाऱ्या भागाला चालना देऊन उपयोग होतो का, हे तपासतात. काही छोट्या चाचण्यांत पुनरावृत्तीचं वागणं थोडं कमी दिसलं. पण अडचणी मोठ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी तुलनेचा गट नव्हता. खोटं वेटोळं लावलं तर डोक्यावर टकटक जाणवत नाही, त्यामुळे कोणाला खरं मिळालं हे लपत नाही. आणि बैठका संपल्यावर काही महिन्यांनी काय उरलं, हे फार थोड्यांनी पाहिलं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी. स्वमग्न मुलांत दहातल्या एका-दोघांना तरी मिरगी असतेच, म्हणून झटक्याचा प्रश्न इथे बाजूला टाकता येत नाही. ताकद ठरवण्यासाठी आधी मेंदूच्या हालचालीच्या भागावर ठोका देऊन अंगठा कधी उडतो ते पाहतात. लहान मुलांत त्यासाठी जास्त जोर लागतो, कधी तो नीट मोजताच येत नाही, मग अंदाजाने आकडा लावला जातो. आणि आवाज. प्रत्येक ठोका कानाजवळ फटाक्यासारखा कडकडतो, कानात बोळे घालावेच लागतात. पोळ्याच्या ढोल-ताशाने कान झाकणारं लेकरू वीस दिवस रोज अर्धा तास त्या खुर्चीत मान न हलवता कसं बसेल?

कोणी ‘हे संशोधन आहे’ म्हणालं तर तीन गोष्टी मागा. भारताच्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतला, सीटीआरआयचा, क्रमांक. नैतिकता समितीच्या मंजुरीचं पत्र. मराठीतलं संमतिपत्र, जे घरी नेऊन वाचता येईल. सात वर्षांवरच्या मुलाला त्याला समजेल अशा भाषेत विचारणं, त्याचीही संमती घेणं, हे त्यात यायला हवं. आणि खऱ्या संशोधनात त्या उपचाराचे पैसे घरच्यांकडून घेत नाहीत. साठ हजार मागितले की ते संशोधन उरत नाही.

सोयाबीनचे पैसे मिरगीच्या नियमित तपासणीसाठी राखा. झोप कमी, ताप किंवा गोळीची वेळ चुकणं याने मिरगी बळावते, आणि मिरगी बळावली की बोलणं-शिकणंही मागे जातं. मिरगी आटोक्यात ठेवणं हाच या मुलाच्या मेंदूवरचा आज हातात असलेला सर्वांत खात्रीचा उपचार आहे.

प्रश्न : ९ व्होल्टची बॅटरी आणि ओला स्पंज वापरून घरीच मेंदूला करंट देता येतो, असं इंटरनेटवर दाखवतात. मी आयटीआय केलंय, वायरिंग येतं. धाकट्या भावासाठी बनवू का? — ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

बनवू नका. कारण तुम्हाला तुमच्याच भाषेत पटेल. प्रयोगशाळेतलं हे यंत्र, टीडीसीएस, १ ते २ मिलिॲम्पिअर इतका स्थिर प्रवाह २० मिनिटं देतं. कातडीचा रोध बदलला की ते व्होल्टेज आपोआप बदलतं, सुरुवातीला आणि शेवटी अर्ध्या-अर्ध्या मिनिटात प्रवाह हळूहळू चढवतं-उतरवतं, आणि रोध फार वाढला तर थांबतं. बॅटरी व्होल्टेज स्थिर ठेवते, प्रवाह नाही. रोध ५००० ओहम असेल तर १.८ मिलिॲम्पिअर. घाम आला, खरचटलं आणि रोध १००० वर आला की तेच ९ मिलिॲम्पिअर. स्पंज एका कोपऱ्यात वाळला की सगळा प्रवाह उरलेल्या ओल्या ठिपक्यातून जातो आणि तिथे कातडी जळते. साधं पाणी वापरलं, ०.९ टक्के मिठाचं नाही, तरी भाजतं. लहान मुलाची कवटी पातळ असते, म्हणून तेवढ्याच प्रवाहात मेंदूपर्यंत जास्त पोचतो. तारा उलट लावल्या तर परिणाम उलटा होऊ शकतो, आणि जे मूल ‘चुरचुरतं’ असं सांगू शकत नाही त्याच्यावर तुम्ही ते तपासणार कसं? इतकं करून स्वमग्नतेत फायदा सिद्ध झालेला नाही.

तुमचा हात भावासाठी चांगल्या कामी येईल : अंगणात पक्क्या कडीला झोका टांगून द्या. त्याचा उपयोग शेवटच्या उत्तरात आहे.

प्रश्न : माझं वय २४, बी.एस्सी. झाले. मागच्या वर्षी मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. हे सगळं संशोधन आम्हाला ‘दुरुस्त’ करण्यासाठीच का? — एक वाचक, अकोट

तुमचा प्रश्न संशोधकांनाही विचारला जातोय आणि त्याने दिशा थोडी बदललीही आहे. डॅमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं : तुम्हाला इतरांचं मन कळायला अवघड जातं, तसं इतरांनाही तुमचं कळत नाही. २०२० च्या एका प्रयोगात एक गोष्ट माणसाकडून माणसाकडे सांगत नेली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत मात्र जास्त गळती झाली. तेव्हा ‘डोळ्याला डोळा भिडवला किती सेकंद’ यावर औषधाचं यश मोजणं आम्हालाही अपुरं वाटतं. झोप, चिंता, मिरगी, आवाजाचा त्रास, नोकरी टिकणं, यांवर मोजमाप व्हावं. तुम्हाला स्प्रेची गरज नाही. चिंता किंवा झोप त्रास देत असेल तर तेवढ्यापुरता उपचार घ्यायला मात्र संकोच करू नका, तो उपलब्ध आहे.

प्रश्न : माहा नातू साडेतीन वर्षांचा हाय. बोलत नाही, हाक मारली तं पाहत नाही, चाक फिरवत बसते. कोनी म्हणते स्प्रे आना, कोनी म्हणते नागपूरले न्या. गावातल्या गावात काय करता येते ते सांगा. — एक आजोबा, ता. लाखनी, जि. भंडारा

आजोबा, खूप करता येतं. गोवा आणि रावळपिंडी इथे एक चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये आला. तिथे तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना शिकवलं. सहा महिन्यांत बारा भेटी. मुलांनी स्वतःहून सुरू केलेला संवाद वाढला. त्या पद्धतीचा गाभा तुम्हाला घरी जमेल असा आहे.

रोज अर्धा तास, हवं तर दोन तुकड्यांत. एका वेळी एकच मोठं माणूस. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. नातवाच्या समोर जमिनीवर बसा, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील असे. पहिली पाच मिनिटं काहीच शिकवू नका, तो काय पाहतो ते पाहा. त्याला चाक आवडतं ना? तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणा. तो चाक फिरवेल, तुम्हीही दुसरं चाक फिरवा. तो थांबला की थांबा. आपलं कोणी अनुकरण करतंय हे कळलं की बहुतेक मुलं एकदा तरी वर पाहतात. पाहिलं की लगेच एकच शब्द : ‘फिरलं!’ वाक्य नको. ज्याला शून्य शब्द येतात त्याच्याशी एका शब्दात बोलायचं, एक येत असेल तर दोन.

मग थांबायला शिका, हे सर्वांत अवघड. झोक्यावर बसवा, ‘एक... दोन...’ म्हणा आणि झोका धरून ठेवा. मनात दहा आकडे मोजा. तो हात हलवेल, हुंकार देईल किंवा तुमच्याकडे पाहील. तेच त्याचं ‘तीन’. त्या क्षणी झोका सोडा. केळं द्यायचं तर अर्धं द्या, उरलेलं हातात दिसेल असं ठेवून थांबा.

बिघडतं कुठे तेही सांगतो. ‘बोल ना, आजोबा म्हण’ असा लकडा लावला की मूल पाठ फिरवतं. घरातले चौघे एकदम बोलले की त्याला एकही आवाज वेगळा काढता येत नाही. हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं की पाहणं ही त्रासाची गोष्ट होते. मागायच्या आतच सगळं हातात मिळालं तर मागायचं कारण उरत नाही. आठवड्यातून एकदा सुनेला मोबाइलवर पाच मिनिटं तुमचा खेळ टिपायला सांगा आणि रात्री दोघं मिळून पाहा : किती वेळा त्याने स्वतःहून सुरुवात केली आणि आपण लक्षच दिलं नाही? त्या चाचणीतही शिकवणं अशाच चित्रफितींवरून होत असे. दोन महिन्यांत बोलणं येईलच असं नाही. आधी पाहणं, मग हात धरून नेणं, मग बोट दाखवणं, त्यामागून शब्द, असा क्रम बहुधा दिसतो.

नागपूरला जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. सेविकाताईंकडे तारीख विचारून नातवाचं नाव द्या, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पथकाची वाट पाहायची नसेल तर थेट गेलात तरी चालतं. कानाची बेरा तपासणी आणि रक्तातलं हिमोग्लोबिन आधी करून घ्या. निदान झालं तर चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी, इसा, भरतात. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, एकूण ७० किंवा वर गेले की स्वमग्नता धरतात. घरातल्या ज्याच्याजवळ मूल दिवसभर असतं त्यानेच उत्तरं द्यावीत, आणि ‘चांगल्या दिवशी’ कसा वागतो ते न सांगता रोज कसा वागतो ते सांगावं. पोराची लाज वाटून लोक कमी करून सांगतात आणि गुण घसरतात. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या सवलती लागू होतात. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, आणि त्याच्या आधारावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव नोंदवा, वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा त्यात मिळतो आणि थेरपीचा काही खर्चही निघतो. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं देतात. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी पुन्हा तपासणीची तारीख घ्या, कारण मंडळाचे दिवस ठरलेले असतात आणि रांग मोठी असते.